उत्तरेची भिंत

१

“भिंत उलटी आहे, मावशी. एवढंच म्हणतोय मी. उलटी ती उलटीच.”

“असू दे. एकोणसाठ वर्षं उभी आहे. तू सलग एकोणसाठ मिनिटं एका जागी उभा राहून दाखव, मग भिंतीला नावं ठेव,” मी म्हटलं.

गुनवोर विणकामात तोंड खुपसून हसली. योर्गेन हसला नाही. त्याला अध्यक्ष होऊन दोन वर्षं झाली आहेत आणि अध्यक्ष झाल्यापासून तो हसायचा विचार करूनच हसतो. आधी नगरपालिकेत रस्ते आखायचा. सरळ रेषेचं वेड तिथलंच.

ग्रॅनफोर्स इतिहास मंडळाच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. टेबलावर कॉफीचा थर्मास, दालचिनीच्या पावांची बशी, आणि मधोमध मंडळाने जपलेल्या तिल्दाच्या घराचा नकाशा. उत्तरेकडच्या भिंतीवर योर्गेनने लाल पेन्सिलीने दोन बाण काढले होते. पेन्सिल माझी होती.

“संग्रहालयाचा माणूस स्वतः बघून गेला,” तो म्हणाला. “आतली तासलेली बाजू बाहेर आहे, आणि पावसाने करडी पडलेली बाहेरची बाजू खोलीत. एकूण एक ओंडका डाव्या टोकाच्या जागी उजवं टोक असा फिरलाय. सोमवारी सुतार येतायत. चार दिवसांत भिंत उतरवून सरळ लावून देतील. मंडळाच्या साठाव्या वाढदिवसाला घर जसं होतं तसं उभं राहील.”

“त्या भिंतीला हात लावायचा नाही.”

“का पण?”

“मी म्हणते म्हणून.”

“एक कारण द्या, मावशी. फक्त एक. आत्ता सुतारांना फोन करून नको सांगतो.”

कारणं दोन होती. पहिलं सांगितलं असतं तर त्यांनी मला वेडी ठरवलं असतं. दुसरं सांगितलं असतं तर, वेडीच ठरवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं असतं.

मी पाव उचलला आणि खाल्ला नाही.

२

मी सिग्ने. वय एक्क्याऐंशी. सातवीनंतर शाळा सोडून कागदाच्या गिरणीच्या धुलाईघरात लागले. जुनी वळणदार अक्षरं वाचायला मला कुणी शिकवलं नाही. चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या मांडीवर घेऊन मी ती स्वतः शिकले. आज या गावात कुणी एक सनसुद्धा मला दाखवल्याशिवाय छापत नाही. दोन प्राध्यापकांचे लेख मी लाल पेन्सिलीने रंगवून परत पाठवले आहेत. मंडळाचा साठ वर्षांचा इतिहास लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. सगळा लिहून झाला आहे. एकोणीसशे सहासष्टचं पान तेवढं कोरं आहे.

दर मंगळवारी तिल्दाच्या घराची किल्ली माझी. दहाला कुलूप काढायचं, खिडकीची झडप उघडायची, उंदरांचे सापळे बघायचे, चमचे मोजायचे, बिछान्यापुढची दोरी पाहुण्यांनी सरकवलेली असते ती नीट करायची, धूळ पुसायची. एकच खोली आहे. अर्ध्या तासाचं काम.

या वर्षी मे महिन्यातल्या एका मंगळवारी उत्तरेच्या भिंतीवरून फडकं फिरवलं तर ते चिंब झालं.

पहाटे पाऊस झाला होता, वाऱ्यासकट, उत्तरेकडून. छपराखाली हात लावून पाहिला, कोरडं. जमीन कोरडी. उरलेल्या तीन भिंती कोरड्या. त्या एका भिंतीवर, खोलीच्या आतल्या बाजूने, पाण्याचे ओघळ होते. तिरके, सगळे एकाच दिशेला, वाऱ्याने सपकारे मारल्यासारखे.

दमट हवा, मी म्हटलं. लाकूड घाम धरतं. पुसून टाकलं. फडकं पिळताना त्यातून देवदाराच्या पानाची एक ओली सुई निघाली. ती माझ्या बुटाला चिकटून आली असणार.

पुढच्या मंगळवारी भिंतीच्या पायाशी, फळ्यांच्या फटीतून, खाजऱ्या पाल्याचे तीन कोंब वर आलेले. हिरवेगार, बोटभर उंच. तिथे ऊन पोचत नाही. मी ते नुसत्या हातांनी उपटले, दिवसभर बोटं चुणचुणली. फटीतून बी पडलं असेल, म्हटलं. उंदरांनी आणलं असेल. कारणं मला पुष्कळ सुचतात. तोच माझा साठ वर्षांचा धंदा आहे.

पण त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले की जे वाटायचं त्याला कारण सापडेना. परक्याच्या दारासमोर गेल्यावर वाटतं तसं वाटायचं. टकटक करावी की निघून जावं, असं.

३

आता सहासष्टचं पान.

मंडळ आदल्या वर्षी निघालं होतं. अध्यक्ष फोल्के, शाळामास्तर. बाकी पोस्टमन, गिरणीतले दोघं आणि मी. जुनं काहीतरी वाचवायचं अशी सगळ्यांना तहान लागली होती, आणि वाचवण्यासारखं काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. मग नगरपालिकेने नव्या रस्त्याची आखणी केली आणि ती बरोबर तिल्दाच्या घरावरून गेली.

तिल्दा सत्त्याहत्तर वर्षांची होती. एकटी. एका खोलीच्या लाकडी घरात जन्मली आणि तिथेच राहिली. दुसऱ्यांच्या घरची धुणी धुवायची. माझ्यासारखीच, फक्त तिच्या हाताशी यंत्रं नव्हती. आम्ही घर सोडवून टेकडीवर नेऊन परत उभं करायचं ठरवलं, आणि तिने वृद्धाश्रमात जायचं. कागदावर सही घ्यायला मला पाठवलं, कारण तिला मास्तरांची भीती वाटायची.

“घर टेकडीवर जाणार,” ती म्हणाली, “आणि मी खाली?”

“घर तुमचंच आहे, तिल्दाआजी,” मी म्हटलं. “केव्हाही या.”

बावीस वर्षांची होते. गोड बोललं की काम होतं हे तेव्हा नवीनच कळलं होतं.

घर सोडवताना प्रत्येक ओंडक्यावर पत्र्याचा बिल्ला ठोकतात: भिंत कुठली, ओळ कितवी, डावं टोक कुठलं. मग टेकडीवर त्याच क्रमाने रचत जायचं. बिल्ले ठोकायचं काम माझ्याकडे होतं. माणसाने घराबाहेर उभं राहून, भिंतीकडे तोंड करून डावं-उजवं ठरवायचं, असा नियम होता. तीन भिंती मी तशाच केल्या.

चौथ्या, उत्तरेच्या भिंतीपाशी बाहेर तिल्दा उभी होती. हातात कॉफी दळायचं यंत्र घेऊन. तेवढं एकच ती कुणाला उचलू देत नव्हती. काही बोलत नव्हती, फक्त बघत होती. मला तिच्यासमोर तिच्या घरावर खिळे ठोकवेनात. मी आत गेले आणि ती भिंत आतून केली.

आतून केल्यावर डावं उजवं होतं, आणि रचताना ओंडक्याची आतली बाजू बाहेर जाते. हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या दिवशी तेवढं सुचलं नाही.

टेकडीवर भिंत चढली, छप्पर चढलं, तेव्हा पोस्टमनच्या लक्षात आलं. जूनमधल्या मिडसमरच्या सणाला सहा दिवस उरले होते, राज्यपाल फीत कापायला येणार होते. “कुणाची खूण?” फोल्केने विचारलं. आम्ही सगळे गप्प. मीही गप्प. फोल्केने एकेकाकडे पाहिलं आणि म्हणाला, “बरं, माझीच असणार. आतून भिंतीचा कागद चिकटवा, करडं लाकूड झाकून जाईल. उत्तरेकडे कोण जातंय.”

माणूस चांगला होता. मेला त्याला तीस वर्षं झाली.

४

या जूनमध्ये सलग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी मंगळवार होता. आतलं सगळं आवरून मी घराच्या मागे गेले.

त्या बाजूला मी जात नाही. गवत वाढलंय, गुडघे दुखतात, असं सांगत आले आहे. खरं म्हणजे मी सहासष्टच्या नोव्हेंबरपासून गेले नव्हते.

गवत घोट्यांच्या वर, पाण्याने जड. बूट भिजले. आणि भिंतीपाशी पोचायला चार पावलं उरली असताना ओल संपली.

भिंतीच्या रुंदीएवढी आणि चार पावलं लांब अशी जागा कोरडी ठणठणीत होती. कडा अशा सरळ की योर्गेनला आवडल्या असत्या. वर छपराची वळचण वीतभर. झाडाची फांदी नाही. मी वर पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

कॉफीचा वास येत होता. नुकत्याच दळलेल्या.

भिंतीवर जुनी लाकडी खुंटी होती, आणि तिच्याभोवती तळहाताएवढा भिंतीचा कागद, निळ्या बारीक फुलांचा. तो कागद मी सहासष्ट साली, घर सोडवताना, माझ्या हातांनी खरवडून काढला होता. राहिलेला तुकडा म्हणावा तर एकोणसाठ हिवाळ्यांनंतरही तो फिका पडलेला नव्हता.

कारणं शोधत मी तिथे उभी होते. वळचण, वारा, उतार. मग लक्षात आलं की माझा उजवा पाय गवतावर मागेपुढे घासतोय. मी बूट पुसत होते. डावा आधीच पुसून झाला होता.

मी त्या कोरड्या जागेत पाऊल न टाकता परत फिरले.

५

“मावशी, ऐकताय ना?” योर्गेनने नकाशा माझ्याकडे वळवला. “मला कळतंय तुम्हाला वाईट का वाटतंय. फोल्के मास्तरांचं नाव खराब होईल म्हणून. पण ते स्वतःच कबूल करून गेलेत. पोस्टमनने तेव्हा लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत आहे. आपण एक ओळ लिहू: खुणांमध्ये अध्यक्षांकडून चूक झाली, ती साठाव्या वर्षी दुरुस्त केली. कुणाला काही वाटणार नाही.”

“फोल्के मास्तर टॉवेलसुद्धा सरळ वाळत घालायचे नाहीत,” गुनवोर म्हणाली. “कुणीही विश्वास ठेवेल.”

माझ्यापुढे कोरं पान आणि त्यावर लिहायचं वाक्य, दोन्ही तयार होती. मेलेला माणूस तक्रार करत नाही. मी पेन्सिल हातात घेतली. ‘अध्यक्षांकडून’ एवढा शब्द लिहिलासुद्धा. माझं अक्षर अजून सुरेख आहे.

मग तो शब्द खोडला.

“फोल्केची चूक नव्हती ती. खुणा मी घातल्या.”

गुनवोरच्या सुया थांबल्या. अध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदा योर्गेनचा चेहरा मऊ झाला.

“एवढंच होय,” तो म्हणाला. “अहो मावशी, मग तर प्रश्नच मिटला. तुमची चूक तुमच्या डोळ्यांदेखत दुरुस्त होईल. यापेक्षा चांगलं काय? सोमवारी या तुम्ही. पहिला ओंडका तुमच्या हाताने.”

एकोणसाठ वर्षं गिळून ठेवलेलं बाहेर काढलं, आणि त्याने ते दालचिनीच्या पावासारखं बशीत ठेवून घेतलं.

६

नोव्हेंबर, एकोणीसशे सहासष्ट. सकाळचे नऊ. रात्रीतून बर्फ पडला होता आणि मी झडपा लावायला टेकडीवर गेले होते.

पावलांचे ठसे होते, अर्धे बुजलेले. वृद्धाश्रमाकडून वर आलेले. दारापर्यंत गेले होते. दाराला कुलूप होतं. रविवारी बारा ते तीन उघडं, अशी पाटी मीच रंगवली होती. ठसे दाराशी बराच वेळ थांबलेले दिसत होते. मग घराला वळसा घालून मागे.

तिल्दा उत्तरेच्या भिंतीला टेकून बसली होती.

अहवालात लिहिलं आहे की श्रीमती तिल्दा आपल्या जुन्या घराला भेट देण्यास आल्या असता त्यांचे थंडीने निधन झाले. अहवाल माझाच. इतिहास मंडळाने पुष्पचक्र वाहिलं, तेही लिहिलं आहे.

जे लिहिलं नाही ते असं. तिचा कोट तिच्या अंगावर नव्हता. तो भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला होता, गळ्यामागच्या नाडीने, नीट. बूट काढून जोडीने भिंतीशी लावलेले, टाचा भिंतीकडे. केस सोडून झोपायची वेणी घातलेली. मोजे घड्या करून बुटांत. थंडीत सापडलेला माणूस अंग आखडून बसतो. ती आखडलेली नव्हती. तिची आतली भिंत तिला सापडली होती, तिची खुंटी, तिच्या कागदाचे तुकडे. ती घरी पोचली होती, आणि दिवस संपल्यावर माणूस करतो ते तिने केलं होतं.

मला एकच दिसलं. लोक येतील, कोट बघतील, खुंटी बघतील, आणि बाहेरच्या भिंतीवर आतली खुंटी कशी, असं विचारतील.

मी कोट काढला आणि तिला घातला. हात वाकत नव्हते. बाह्यांत ते कसे घातले ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. मोजे, बूट. वेणी सोडली. गळ्यापर्यंत बटणं लावली, वर रुमाल बांधला. रस्ता चुकलेली एक म्हातारी दिसेल अशी तिला करून ठेवली, आणि मग खाली जाऊन आरडाओरडा केला.

सगळे म्हणाले, बिचारी सिग्ने, तिलाच सापडावी. मला कॉफी करून दिली. मी प्याले.

७

गेला मंगळवार. सकाळचे अकरा. लख्ख ऊन.

चमचे मोजत होते. बारा. मानेला गार लागलं म्हणून वळले. उत्तरेच्या भिंतीत, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन ओंडक्यांमध्ये वारा अडवायला भरलेलं शेवाळ गळून फट पडली होती, हातभर लांब, करंगळीएवढी रुंद. वरचा कागद तेवढाच फाटलेला.

फटीपलीकडे दिवसाचा उजेड दिसायला हवा होता. दिसत होता तो पिवळा होता, दिव्याचा. थोडासा हलणारा.

आणि वारा माझ्याकडे येत नव्हता. माझ्या मागून, खोलीतून, त्या फटीत जात होता.

पलीकडे खुर्ची सरकली. कुणीतरी खोकलं, एकट्या माणसाने खोकावं तसं, कुणी ऐकेल असं मनात नसताना. मग फटीच्या डाव्या टोकाला दोन बोटं दिसली. जाड नखं, धुण्याच्या पाण्याने सुरकुतलेली कातडी. बोटांत वर्तमानपत्राची दुमडलेली पट्टी होती. ती त्यांनी फटीत दाबली, अंगठ्याने सारखी केली, आणि पुढे सरकली. हिवाळ्याआधी प्रत्येक घरात बायका करतात तसं. घाई नाही, राग नाही. तिथून गार येत होतं, एवढंच.

मी बोलू शकले असते. हाक मारता आली असती. मी अंग चोरून उभी राहिले आणि तिने मला पाहू नये अशी प्रार्थना केली.

तिने पाहिलं नाही. उजेड बोटाबोटाने कमी होत गेला आणि उजव्या टोकाला संपला.

बाहेर जून होता. खोलीत माझा श्वास पांढरा दिसत होता.

८

“तर सोमवारी आठला,” योर्गेन नकाशाची गुंडाळी करत म्हणाला. “मी गाडीने न्यायला येतो.”

“येऊ नकोस. भिंत फिरवायची नाही.”

“मावशी, आता पुरे. चूक कुणाची ते कळलं, कुणी तुम्हाला बोललं नाही, बोलणारही नाही. आता कसला हट्ट?”

“जाऊ दे रे,” गुनवोर हळू आवाजात त्याला म्हणाली. “एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत.”

“मी एक्क्याऐंशीची आहे, बहिरी नाही.”

“मग ऐका ना.” त्याने गुंडाळी टेबलावर आपटली, फार जोरात नाही. “या बाजूला घर आहे, बिछाना आहे, कागद आहे, लोक तिकीट काढून बघायला येतात. त्या बाजूला काय आहे? गवत. गवतासाठी साठ वर्षांची चूक तशीच ठेवू? मला समजेल असं सांगा. त्या बाजूला आहे तरी काय?”

गुनवोर माझ्याकडे बघत होती. मला कोऱ्या पानावरचा खोडलेला शब्द दिसत होता. मी उठले, खुर्चीवरचा माझा कोट घ्यायला हात पुढे केला, आणि तो घेतला नाही.

“त्या बाजूला तिल्दाचं घर आहे, योर्गेन, ती थंडीत बाहेर मेली नाही, स्वतःच्या घरात निजली होती, आणि तिला कोट चढवून बाहेर काढलं ते मी.”